वलंदेजांचं जहाज आणि आपली मुलं : नेदरलँड्समधल्या मराठी पालकांना खुलं पत्र

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांनो, आणि इथली मराठी मंडळं चालवणाऱ्या सगळ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची वेंगुर्ल्याची. आता बारा वर्षं झाली, आम्स्टेलफेनमध्ये राहते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला गाठ पडते, पण तेव्हाचं बोलणं शाळा, घरभाडं आणि भारतातून कोण आलंय याच्या पुढे जात नाही. आज एका वेगळ्या गोष्टीसाठी लिहिते आहे. ती मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

भारतातून आईवडील आले की आपण सगळेच त्यांना त्याच चार-पाच ठिकाणी नेतो. ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या, कालव्यातली बोट. मुलं बरोबर असली की त्यात आम्स्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाची भर पडते, कारण तिथे धक्क्याला एक भलंमोठं शिडाचं जहाज बांधलेलं आहे. जहाजाचं नावही 'आम्स्टरडॅम'च. पोरं तोफांकडे धावतात, चाचे-चाचे खेळतात, आपण डोलकाठीखाली उभे राहून फोटो काढतो आणि अर्ध्या तासात सगळी वरात कॉफी प्यायला परत. मीही दोनदा अशीच जाऊन आले. तिसऱ्या वेळी माझे बाबा बरोबर होते.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पडावावर तांडेल होते. शिडाच्या पडावातून माल घेऊन ते किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत जायचे. बाबा लहानपणी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. पुढे पडाव बंद झाले, बाबांनी नोकरी धरली, पण समुद्रावर तरंगणारी कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा हात आधी तिच्या लाकडावर जातो. इथेही तसंच झालं. फळीवरून चढून ते जहाजावर आले, काठावरच्या जाड दोराला हात लावला आणि म्हणाले, "ह्यो दोर काथ्याचो न्हय." मग वर पाहत राहिले. शिडं गुंडाळलेली होती, पण परबाणांची, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या लाकडांची, ती उतरंड, खालून वर निमुळती होत गेलेली, बघून त्यांचा चेहरा असा झाला होता की मी फोन काढला नाही.

त्यांच्याबरोबर माझा दहा वर्षांचा मुलगा होता. तो इथल्या डच शाळेत जातो. मराठी बोलतो, पण वाचायला कंटाळतो, हे तुमच्याही घरचं चित्र असेल. बाबांना डच येत नाही, इंग्रजी जेमतेम. त्यामुळे पाट्या वाचून सांगायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. तो डच वाचायचा, मराठीत सांगायचा, बाबा मालवणीत पुढचा प्रश्न विचारायचे. मधेच त्याचं अडायचं. खाली उतरायच्या चौकोनी भोकाला डचमध्ये 'लॉइक' म्हणतात, मराठीत काय? मला माहीत नव्हतं. बाबांना होतं : फलका. 'रूर' म्हणजे सुकाणू, हे मला आलं. 'रा' म्हणजे परबाण, हे पुन्हा बाबांना. आणि 'कील', जहाजाच्या तळाचं ते लांबच लांब लाकूड, ज्याच्यावर सगळा सांगाडा उभा राहतो? "पठाण," बाबा म्हणाले. मुलाला हा शब्द इतका आवडला की त्याने तो तीन वेळा म्हणून पाहिला.

खालच्या मजल्यावर गेलो. तिथे तोफा आहेत, वर छत इतकं जवळ की उंच माणसाने मान वाकवूनच चालायचं. बाबांनी विचारलं, "माका सांग, हेच्यात माणसा किती होती?" मुलाने शोधून सांगितलं : खलाशी आणि अधिकारी मिळून २०३, सैनिक १२७ आणि पाच प्रवासी. एकूण ३३५. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "मगे ती निजत खय?"

हा प्रश्न मी दोन वेळा तिथे जाऊनही विचारला नव्हता.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नामुळेच मी हे पत्र लिहिते आहे. तोफेच्या खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, "आमच्या वखारीत रवत होती ती हीच माणसा?" मुलगा म्हणाला, "आजोबा, वखार म्हणजे?"

व्हीओसी, म्हणजे हे जहाज ज्यांचं ती डच ईस्ट इंडिया कंपनी, काय ते त्याला पाठ होतं. १६०२ साली स्थापना, मसाल्यांचा व्यापार, डोक्यावर आम्स्टरडॅमचा 'ए' मिरवणारं ते एकात एक गुंफलेल्या अक्षरांचं बोधचिन्ह, हे सगळं त्याला शाळेत शिकवलेलं. पण त्याच कंपनीची वखार त्याच्या आजोबांच्या गावात आहे, आणि त्याची आई लहानपणी त्या पडक्या भिंतींत लपाछपी खेळली आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कारण मी ते कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात वेंगुर्ला एका कप्प्यात होता आणि हॉलंड दुसऱ्या.

तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत आहे, मला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या जुन्या मराठीत डचांना वलंदेज म्हणत. मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारांची जी नावं येतात, त्यात फिरंगी (पोर्तुगीज) आणि इंग्रजांच्या बरोबरीने वलंदेज आहेत. आणि हे लोक नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, म्हणून सावध राहा, असंही तिथे बजावलेलं आहे. वेंगुर्ल्याला हे वलंदेज आले ते गोव्यासाठी. १६३६ पासून काही वर्षं त्यांची जहाजं दर हंगामात मांडवीच्या तोंडाशी उभी राहून पोर्तुगिजांची कोंडी करत. अशी कोंडी करायची तर पाणी हवं, तांदूळ हवा, जळण हवं, आजारी खलाशी उतरवायला जागा हवी. १६३७ साली योहान फान ट्विस्ट हा कंपनीचा माणूस विजापूरच्या दरबारात गेला आणि आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार सुरू झाली. गोव्याच्या वेशीवर, पण पोर्तुगिजांच्या हाताबाहेर. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती चालली. म्हणजे शिवाजी महाराजांचा अख्खा काळ वलंदेजांनी वेंगुर्ल्यातून पाहिला. आणि नुसता पाहिला नाही, लिहून ठेवला. कोकणात काय चाललंय, कोणाचं सैन्य कुठे आहे, कुठल्या बंदरात कोणती गलबतं बांधली जाताहेत, याची पत्रं तिथून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आणि तिथून पुढे इथे यायची.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, म्हणजे मुलांना आपण चुकीचं काही सांगणार नाही. धक्क्यावरचं हे जहाज वेंगुर्ल्याला गेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं. मूळ 'आम्स्टरडॅम' १७४८ सालचं. तोपर्यंत वेंगुर्ल्याची वखार मिटून पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. हे जहाज निघालं होतं बटाव्हियाला, आणि तेही पोचलं नाही. पहिल्याच सफरीत, १७४९च्या जानेवारीत, टेक्सेल बेटापासून निघाल्यावर इंग्लिश खाडीत ते वादळात सापडलं. सुकाणू तुटून गेलं. जहाजावर रोगाची साथ पसरली होती, पन्नासएक माणसं त्यात मेली. खलाश्यांनी बंड केलं. कप्तान विलेम क्लुम्प याने शेवटी २६ जानेवारीला ते हेस्टिंग्सजवळच्या किनाऱ्यावर नेऊन चिखलात घातलं. आत कापड होतं, दारू होती, लिहायचे कागद होते, तंबाखूच्या पाइपा होत्या आणि चांदीच्या नाण्यांच्या २७ पेट्या होत्या. सरकारी माणसांनी बरीचशी चांदी वाचवली, काही लोकांनी लुटली. जहाज मात्र त्या मऊ चिखलात भराभर खाली गेलं आणि तिथेच राहिलं. आजही आहे. मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या वाळूतून वर येतात. १९६९ साली तिथे यंत्राने खोदताना ते नीट लक्षात आलं आणि १९८०च्या दशकात पुरातत्त्वाच्या मंडळींनी तीन हंगाम उत्खनन केलं.

म्हणजे आपण ज्याच्यावर चढतो ती प्रतिकृती आहे. १९८५ ते १९९० या काळात आम्स्टरडॅममध्ये शेकडो स्वयंसेवकांनी ती बांधली. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना खूप आनंद झाला, मला वाटलं होतं त्याच्या उलट. मला वाटलं होतं, 'खोटं' आहे म्हटल्यावर त्यांचा रस जाईल. ते म्हणाले, म्हणजे हे बांधता येणारी माणसं अजून आहेत. पुढचा अर्धा तास ते फळ्यांचे सांधे बघत होते. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत सूत ठोकून वर डांबर कसं भरतात ते त्यांनी नातवाला बोटांनी करून दाखवलं. लाकूड हाताला लागल्याशिवाय हे कळत नाही. संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत जुन्या चित्रांत, नकाशांत, काचेमागच्या छोट्या नमुन्यांत जहाजं भरपूर आहेत, आणि ती बघावीतच. १६५६ साली आरमाराचं कोठार म्हणून बांधलेली ती इमारतच बघण्यासारखी आहे. चौकावर काचेचं छत घातलंय, जुन्या नकाशांवर दिशांच्या रेघा असतात तशी त्याची नक्षी आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला तीनशे पस्तीस माणसं म्हणजे काय ते त्या ठेंगण्या मजल्यावर उभं राहूनच कळतं.

आणि तरीही प्रतिकृतीत जे नाही तेही मुलांना सांगायला हवं. वास नाही. उंदीर नाहीत. आठ-आठ महिने खारवलेलं मांस आणि किडलेले पाव खाणारी माणसं नाहीत. कंपनीच्या दोनशे वर्षांत सुमारे दहा लाख माणसं अशा जहाजांतून पूर्वेकडे निघाली आणि परत आली ती जेमतेम तिसरा हिस्सा. त्यातली बरीचशी गरीब, पोटासाठी निघालेली, पुष्कळशी जर्मनीहून आणि आणखी कुठून कुठून आलेली. परदेशी नोकरीसाठी घर सोडणं म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळेल? मुलांना एवढंच विचारा : बाबा ऑफिसच्या कामासाठी निघाले आणि परत येतील की नाही ते दोन वर्षं कळलंच नाही, तर?

दुसरी न दिसणारी गोष्ट जास्त अवघड आहे. आपण श्रीखंडात जायफळ किसतो, बासुंदीत घालतो, सर्दी झाली की उगाळून कपाळाला लावतो. एके काळी ते जायफळ जगात जवळजवळ फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर व्हायचं. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याने ती बेटं जिंकली, तेव्हा तिथली बहुतेक माणसं मारली गेली, उपासमारीने मेली किंवा गुलाम करून नेली गेली. मग बागांत राबायला दुसरीकडून गुलाम आणले. कंपनी हिंदी महासागरात माणसांचा व्यापार करत होती आणि त्यात भारताच्या किनाऱ्यावरून नेलेली माणसंही होती. १ जुलै २०२३ला इथल्या राजांनी गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली, ते आपल्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आपल्याला वाटलं, हा सुरिनामचा आणि आफ्रिकेचा विषय. तो आपलाही आहे. त्या चांदीच्या २७ पेट्यांचं काय होणार होतं, हे विचारलं की मुलांना जोडणी कळते : कंपनी चांदी पूर्वेला न्यायची, त्या चांदीवर भारतात कापड घ्यायचं, ते कापड देऊन पुढच्या बेटांवर मसाले घ्यायचे. या साखळीतली एक कडी नेहमी आपल्या बाजूला होती.

मला इथे कोणाला अपराधी वाटायला लावायचं नाही, मुलांना तर नाहीच. त्यांचे वर्गमित्र डच आहेत, शिक्षक डच आहेत, त्यातली कित्येक तर कागदोपत्री डचच आहेत. म्हणूनच ती ह्या जहाजावर पाहुणी नाहीत, दोन्ही बाजूंनी आतली आहेत. आणि लढाईची गोष्ट हवी असेल तर तीही आहे. १७५४च्या जानेवारीत तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने कोकण किनाऱ्याजवळ कंपनीच्या तीन जहाजांचा ताफा गाठला. दोन जहाजं नष्ट झाली, एक आंग्र्यांच्या हाती लागलं. म्हणजे 'आम्स्टरडॅम' चिखलात रुतल्यावर पाचच वर्षांनी, याच पिढीतल्या जहाजांशी. एवढ्या उंच बाजूच्या, तोफांनी भरलेल्या जहाजाला आपल्या गुराबा आणि गलबतांनी घेरायचं म्हणजे काय, ते जहाजाच्या काठावर उभं राहून खाली पाण्याकडे पाहिलं की लक्षात येतं. माझ्या मुलाने तिथून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ते वर कसे चढले?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

आता मुद्द्यावर येते.

वेंगुर्ल्याहून लिहिलेली ती पत्रं हरवलेली नाहीत. कंपनीच्या दप्तराचा फार मोठा भाग हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ते कागद ठेवलेल्या फळ्याच किलोमीटरभराहून लांब आहेत. २००३ साली युनेस्कोने हे दप्तर जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. आपल्या इतिहासासाठी हे कागद किती मोलाचे आहेत ते आपल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं : कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी डच कागद मिळवले आणि शिवचरित्रासाठी वापरले. पण त्यांच्यानंतर ही वाट रुंद झाली नाही. कारण साधं आहे. मराठी आणि डच दोन्ही येणारी माणसं जवळजवळ नव्हतीच. फारसी येणारे होते, पोर्तुगीज येणारे थोडे होते, इंग्रजी तर सगळ्यांनाच. डच कोणाला?

आपल्या मुलांना.

जरा थांबून याचा विचार करा. आम्स्टेलफेनमध्ये, आइंडहोव्हनमध्ये, हेगमध्ये, उट्रेक्टमध्ये आज कितीतरी मुलं अशी आहेत, जी डच मातृभाषेसारखी वाचतात आणि घरी मराठी बोलतात. महाराष्ट्राच्या इतिहासात अशी पिढी याआधी कधी झालेली नाही. आपण त्यांच्या डचकडे बघतो ते शाळेत पुढे कुठली पातळी मिळेल एवढ्यापुरतं, आणि मराठीकडे बघतो ते आजीशी फोनवर बोलता यावं एवढ्यापुरतं. या दोन भाषा एकाच मुलाच्या डोक्यात एकत्र आहेत, याचं आपल्याला काहीच वाटत नाही.

आता तर काम सोपंही झालं आहे. हायगेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्लोबलाइज प्रकल्पात कंपनीच्या जवळजवळ पन्नास लाख पानांचं हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेतलं आहे आणि ती पानं घरबसल्या शोधता येतात. जहाजावरून आलो त्या रात्री मी आणि मुलगा बसलो आणि शोधाच्या चौकटीत 'विंगुर्ला' टाकलं, त्यांच्या लिखाणात वेंगुर्ला असा येतो. पानंच्या पानं आली. ती डच भाषा साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे, शब्दांची रूपं वेगळी, वाक्यं लांबलचक. मला दोन ओळीही धड लागल्या नाहीत. त्याने मात्र बोट ठेवून दाखवलं : हे 'स्खेपन', जहाजं. हे 'पेपर', मिरी. हे 'रेइस्त', तांदूळ. बाबा शेजारी चष्मा पुसत बसले होते. आपल्या गावाचं नाव त्या वळणदार अक्षरात स्क्रीनवर दिसल्यावर त्यांनी त्याच्यावर बोट टेकवलं. मी सांगते, एवढ्या वर्षांत मुलाला मराठी वाचायला बसवण्यासाठी मी जे जे केलं, त्या सगळ्याने झालं नाही ते त्या रात्री झालं. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन विचारलं की वखार हा शब्द देवनागरीत कसा लिहायचा.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती तुमच्याकडेच आहे. कुठल्या सरकारकडे नाही आणि संग्रहालयाकडेही नाही.

जहाजावर जाल तेव्हा अर्धा दिवस काढून जा. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना बरोबर घ्या, आणि पाट्या मुलांना वाचू द्या. आपण इंग्रजीत वाचून मोकळे होऊ नका. मुलाचं मराठी अडेल, तिथे आजोबांना विचारू द्या. कोकणातल्या माणसांना जहाजाच्या अंगाअंगाला शब्द आहेत. देशावरच्या माणसांना दोर, लाकूड, धान्य साठवणं यांचे आहेत, तेही तिथे लागतात. एक वही न्या. खाली, जिथे मान वाकवावी लागते, तिथे दहा मिनिटं नुसते थांबा.

मंडळांना माझी विनंती अशी : वर्षातून एकदा तरी हा कार्यक्रम सहल म्हणून न करता नीट मराठीतून जहाज दाखवण्याचा कार्यक्रम म्हणून करा. गेल्या वर्षी एका सहलीत आम्ही चाळीस माणसं गेलो आणि पाऊण तासात बाहेर आलो, गटाचा फोटो तेवढा छान आला. त्यात कोणाची चूक नव्हती, कोणी तयारीच केली नव्हती. चार पानांचं एक मराठी टिपण करू या : जहाजाची गोष्ट, वेंगुर्ल्याची गोष्ट, बांदाची गोष्ट, आणि शेवटी डच-मराठी शब्द. पहिला मसुदा मी लिहिते. ज्यांना इतिहास येतो त्यांनी तो तपासावा, चुका काढाव्यात, मला आनंदच होईल. शनिवारच्या मराठी वर्गांत बाराखडी आणि गोष्टींबरोबर एखादं वेंगुर्ल्याचं पान घेता येईल. मोठ्या मुलांनी एक ओळ डचमधून मराठीत आणायची. एकच ओळ. वर्षभरात एक पत्र पुरं झालं तरी ते मराठीत पहिल्यांदा आलेलं असू शकतं.

आणि उन्हाळ्यात भारतात जाल तेव्हा गोव्याला जाणाऱ्यांनी एक दिवस वाकडी वाट करून वेंगुर्ल्याला या. गोव्याची हद्द तिथून फार लांब नाही. वखार गावातच आहे, कोणीही दाखवील. माझ्या लहानपणी तिच्या भिंतीतून झाडांची मुळं खाली उतरली होती आणि आम्ही त्यांना धरून चढायचो. तिथे पाटी शोधत बसू नका. मुलांना त्या जाड भिंतीला हात लावायला सांगा आणि आम्स्टरडॅमचा तो ठेंगणा मजला आठवायला सांगा. मग बंदरावर जा, संध्याकाळी होड्या परत येतात तेव्हा. तिथे कोणाला तरी फलका म्हणजे काय ते मुलांनी विचारावं.

बाबा आता परत गेले आहेत. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर एकेक शब्द पाठवतात, आवाजात, कारण टाइप करायला त्यांना त्रास होतो. मुलगा तो देवनागरीत लिहून काढतो आणि समोर डच शब्द शोधतो. आतापर्यंत एकेचाळीस झाले आहेत. त्यातल्या सहांना डच जोडी मिळालेली नाही, आणि जहाजाच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, दोन भागांना आम्हाला मराठी शब्द हवा आहे. तुमच्या घरी कोणी मालवण, विजयदुर्ग, हर्णे किंवा अलिबाग भागातलं असेल, तर त्यांना विचारून कळवा.

आपली,
वेंगुर्ल्याची एक लेक
आम्स्टेलफेन